संगणकाला उपरणं दिसत नाही

माझ्या बायकोला भरल्या पानावरून उठवणाऱ्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो आता म्हातारा झालाय, मीही झालोय, आणि गुडघ्यांमुळे दोघांनाही मांडी घालता येत नाही. तरीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझं मन विरघळेल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

कुंभकोणमला एका कल्याणमंडपाचा, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलचा, मी व्यवस्थापक होतो. शब्द मोठा आहे, काम तेवढं नव्हतं. दारं उघडायची, पाणी आलं की टाक्या भरून घ्यायच्या, वाढप्यांवर ओरडायचं, उष्टी पानं गाईंपुढे जातात की गटारात ते बघायचं. मंडपाच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिथे आम्ही दोघं राहायचो. मूलबाळ नव्हतं.

आम्ही म्हणजे तंजावरात मराठे राजे होते तेव्हा इकडे आलेल्या माणसांची पोरं. तमिळ लोक आम्हाला सरसकट रायर म्हणतात. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याकडचा पाहुणा आला तर गालात हसतो. हसू दे. माझी शाळा चौथीत सुटली, आणि तीही तमिळ. बालबोध अक्षरं वडिलांनी पोथीवर बोट ठेवून शिकवली. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

आमच्या लोकांचा एक संघ होता. वर्षातून एकदा मंडपात समाराधना व्हायची. गाव सोडून गेलेलेही यायचे, मद्रासहून, त्रिचीहून, बंगळूरहून. जेवणाच्या तीन पंगती बसायच्या. नवरा-बायको दोघंही आपल्याच घरांतले असतील तर पहिली पंगत. पाहुणे आणि लांबचे सोयरे, दुसरी. बाहेर लग्न केलेले, आणि त्यांच्याबरोबर आचारी, वाढपी, आम्ही, तिसरी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी दारात उभा राहायचो, तोंड बघायचो आणि कुणी कुठे बसायचं ते सांगायचो.

नियम अध्यक्षांचा. अध्यक्ष वकील होते, गोरे, ताठ, आणि त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मीही म्हणायचो, अजून म्हणतो. मान द्यायची सवय जिभेला लागलीय, मनाला नाही. नियम मोडायची सोयही अण्णांनीच करून ठेवली होती. नियमात न बसणारा पण उपयोगाचा माणूस दारात आला, बँकेचा मॅनेजर म्हणा, कोर्टातला कुणी म्हणा, की अण्णा डाव्या खांद्यावरचं उपरणं उजव्या खांद्यावर टाकायचे. तोंडातून शब्द नाही. मी ते बघायचो आणि त्या माणसाला नेऊन पहिल्या पंगतीत बसवायचो. पुढे त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं मद्रासला एका तमिळ इंजिनिअरशी लग्न केलं. अण्णा महिनाभर तोंड पाडून होते. पण समाराधनेला जावई दारात आला तसं उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. जावयाला मी पहिल्या पंगतीत बसवलं, आणि त्यानं पायसम दोनदा मागून घेतलं. चांगला माणूस आहे. त्याच्यावर माझा राग नाही.

माझी बायको दारासुरमची, रेशीम विणणाऱ्या घरातली. आमच्यातली नव्हे. आमचं लग्न कसं झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. ती घरी माझ्याशी मराठी बोलायची, आणि माझ्या चुलतबहिणींपेक्षा चांगली बोलायची. समाराधनेच्या दिवशी ती पहाटेपासून मागच्या चुलींपाशी. शंभर माणसांचा रस्सम ती नुसत्या वासावर उतरवायची, चव घेऊन बघायची नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची एक समाराधना. तिला आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. पहिली पंगत बसली तेव्हा एक पान रिकामं राहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या मामींनी तिचा हात धरून ओढलं. "अगं, सकाळपासून उभी आहेस, बस इथे." ती नको नको म्हणत बसली. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. पानावर मीठ, कोशिंबीर, भात, त्यावर सांबार वाढून झालं. मी रस्समचं पातेलं आणायला मागे गेलो.

पातेलं घेऊन आलो तेव्हा अण्णा तिच्या पानासमोर उभे होते. मंडपात एरवी सगळ्यांशी मराठी बोलणारा माणूस तिच्याशी तमिळमध्ये बोलला. ऊठ म्हणाला. ही जागा तुझी नाही म्हणाला. ती उठली. हाताला कालवलेला भात तसाच. तसा हात पुढे धरून ती सगळ्या पंगतीच्या कडेनं चालत मागे गेली. पंगतीतली सगळी डोकी पानावर खाली गेली, जशी काही भातात खडे शोधत होती. मी अण्णांच्या खांद्याकडे बघितलं. उपरणं डाव्या खांद्यावर होतं तिथेच होतं.

खोलीत आल्यावर मी म्हणालो, "मी जाऊन विचारतो."

"काय विचारणार?" ती म्हणाली. "ही खोली सोडायची आहे का?"

"सोडू."

"आणि राहू कुठे, टाकीवर?" तिनं हात धुतला. "सांबारात मीठ कमी होतं. बरं झालं उठवलं."

तिनं एवढंच म्हटलं. त्यानंतर समाराधनेच्या दिवशी ती चुलीपाशी कधी उभी राहिली नाही. सकाळची टाउन बस धरून दारासुरमला भावाकडे जायची. भाऊ विचारायचा आज काय सण आहे, तर म्हणायची, आज आमच्याकडे गर्दी फार.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती गेली. छातीत पाणी झालं होतं.

आमच्यात एक रीत आहे. समाराधनेला पहिला घास घ्यायच्या आधी त्या वर्षात गेलेल्यांची नावं अध्यक्ष उभं राहून वाचतात. सगळ्यांच्या तळहातावर आपोशनाचं पाणी असतं. नावं संपेपर्यंत ते पाणी कुणी तोंडात घेत नाही आणि कुणी खात नाही. ती गेली त्या वर्षी मी अण्णांकडे गेलो. तोपर्यंत मी त्या माणसाकडे काही मागितलं नव्हतं.

"तिचं नाव घ्या, अण्णा."

"अरे, ती तिसऱ्या पंगतीतली. नावं पहिलीतल्यांची घेतात."

"चुलीवर तिनं किती वर्षं..."

"ते खरं आहे रे. पण आज तुझं घेतलं तर उद्या कोण कोण येईल. नियम आहे. तू तर दारावरचा माणूस, तुला कळायला हवं."

मी परत आलो. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिचं नाव, त्या तोंडातून, त्या पंगतीपुढे. माणसं म्हणतात वेळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही. मी त्याला रोज पाणी घालत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या काही पोरांनी अण्णांना कळवलं की संघाची एक जागा इंटरनेटवर हवी. कुणीही कुठूनही उघडावी. लग्नाची स्थळं, एकमेकांचे पत्ते, समाराधनेची तारीख, गेलेल्यांची नावं, सगळं तिथे. अण्णांना अमेरिकेचं नाव आलं की नाही म्हणता येत नसे. महामहम तळ्याजवळ संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका तमिळ बाईंना काम दिलं. आम्ही त्यांना टीचरम्मा म्हणायचो. त्या विचारायला आल्या की आत कोणकोण येणार आणि कुणाला काय दिसायला हवं. अण्णा कोर्टात निघाले होते.

"त्याला विचारा," माझ्याकडे बोट करून म्हणाले. "दारावर तोच असतो. पंगतीत जसं बसवतो तसंच करा. वेगळं काही नको."

अण्णांची मेहेरबानी झाली ती ही एकच.

टीचरम्मांच्या वर्गात चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आत थंडगार, आणि संगणकांवर देवावर घालतात तसली झाकणं. त्यांनी एका कागदावर तीन दारं काढली आणि पेन्सिल पुढे धरली.

"सांगा रायरे. पहिल्या दारानं येणाऱ्याला काय दिसेल?"

"सगळं. स्थळं, फोटो, पत्ते, गेलेल्यांची नावं. त्याच्या घरचं कुणी गेलं तर नाव घालायची मुभा."

"दुसऱ्याला?"

"बातम्या. फोटो लांबचे."

"तिसऱ्याला?"

"समाराधनेची तारीख. आणि मागे चुलीवर मदतीला किती वाजता यायचं ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं की येणारा माणूस आधी स्वतःची माहिती भरेल, आपण कोणत्या घरचे, नवरा किंवा बायको कोणत्या घरची. त्यावरून यंत्रच त्याला त्याच्या दाराशी नेईल. मग प्रत्येकाला एक नाव आणि एक गुप्त शब्द. दारावर माणूस लागणार नाही.

"मी शिकवते तेव्हा वेगळं सांगते हं," त्या म्हणाल्या. "माणूस काय करायला आलाय त्यावरून दार ठरवावं. स्थळ बघायला आलेल्याला स्थळं, तारीख बघायला आलेल्याला तारीख. तो कुणाचा कोण हे विचारत बसलं की सगळं अवघड होतं."

"ते तुमच्या वर्गात. आमच्यात कुणाचा कोण हेच आधी."

"बरं. मग सूट कुणाकुणाला?"

"कसली सूट?"

"नियमात बसत नाहीत पण आत घ्यायची असतात अशी माणसं असतातच ना? सगळीकडे असतात. आत्ता सांगितलं तर त्यांची वेगळी सोय करून ठेवते. नंतर सांगाल तर मला उलटापालट करावी लागेल."

त्या उपरण्यानं आत आणलेले सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले, बँकवाला, कोर्टवाला, पायसम मागून घेणारा जावई. आणि ती, भाताचा हात पुढे धरून चालणारी.

"सूट नाही," मी म्हणालो.

"कुणालाच?"

"कुणालाच. अण्णांचा शब्द आहे. फार कडक माणूस."

"असे अध्यक्ष मिळत नाहीत हल्ली," टीचरम्मा म्हणाल्या. मला हसू दाबावं लागलं.

उठताना मी विचारलं, "या यंत्राला इशारा कळतो का? म्हणजे खांद्यावरून, हातानं, असा?"

"रायरे, त्याला डोळे नाहीत."

"बरं आहे," मी म्हणालो आणि चपला घातल्या. खोटं बोललो, होय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

उद्घाटन मंडपातच झालं. टेबलावर संगणक, त्याला फुलांचा हार, ऑफिसमधून ओढून आणलेली टेलिफोनची तार. अण्णांनी समई लावली. मद्रासहून मुलगी आणि जावई आले होते, आणि पहिला मान मुलीला असं अण्णांनी जाहीर केलं. माणसं खुर्च्या सोडून टेबलाभोवती गोळा झाली. मी माझ्या जागी, दारात.

मुलीनं माहिती भरली. स्वतःचं घर, नवऱ्याचं घर. संगणक बराच वेळ कुरकुरला. मग पान उघडलं. वर ठळक अक्षरांत तिसरी पंगत. खाली समाराधनेची तारीख, आणि मदतीला येणाऱ्या बायकांनी सकाळी मागच्या दारानं यावं अशी सूचना.

टेबलाभोवतीची माणसं वाकून वाचू लागली.

"पुन्हा टाक," अण्णा म्हणाले.

मुलीनं पुन्हा टाकलं. पुन्हा मागचं दार.

आणि तेव्हा अण्णांचा हात वर गेला. मी शपथेवर सांगतो, त्यांनाही कळलं नसेल. सवय. त्यांनी संगणकाकडे बघत उपरणं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर टाकलं, आणि थांबले.

मागच्या खुर्चीतून त्याच म्हाताऱ्या मामी ओरडल्या, "अण्णा, त्याला उपरणं दिसत नाही हो!"

सगळा मंडप हसला. पंगतीत खाली डोकी घालून बसलेले हसले, उपरण्यावर आत आलेले हसले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, इतकी वर्षं. मी ते हसणं दारात उभा राहून ऐकलं. लग्नात सनई ऐकतात तसं ऐकलं.

"ही चूक काढा," अण्णा टीचरम्मांना म्हणाले.

"चूक नाही सर. कुणालाही सूट नाही असा तुमचा शब्द आहे म्हणाले हे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. खाली बघायची पाळी त्या दिवशी माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसायला मी काही पुढे केलं नाही.

"तुला काय हवंय ते कळलंय मला," ते म्हणाले. "तुझ्या बायकोचं नाव घालतो त्या यादीत. तिच्यापुरती सूट. तू टीचरला सांग, जावयाचीही सूट घालायला. विषय संपला."

"सूट नको."

"म्हणजे?"

"ती सूट मागायला बसली नव्हती, अण्णा. जेवायला बसली होती."

"डोकं फिरलंय तुझं. नियम कसा बदलणार? लोक काय म्हणतील?"

"मग राहू दे नियम. पोरीनं समाराधनेला सकाळी लवकर यावं. मागच्या दारानं. विळ्यांना मी धार लावून ठेवतो."

त्यांचा चेहरा लाल झाला. "ही खोली कुणाच्या शब्दावर तुला मिळालीय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. काढा बाहेर. का काढलं ते लोक विचारतील. मी दारावरचा माणूस, आल्यागेल्याला दारातच सांगेन."

ते गेले. मी स्वतःसाठी कॉफी केली आणि सावकाश प्यालो.

पुढच्या काही आठवड्यांत जे झालं ते माझ्याही डोक्यात नव्हतं. देशोदेशीची पोरं माहिती भरू लागली. कुणाची बायको मल्याळी, कुणाचा नवरा तेलुगू, कुणाची गोरी. टीचरम्मांनी एकदा मला बोलावून दाखवलं. तिसऱ्या दाराशी जत्रा भरली होती. पहिल्या दारानं आत गेलेले बहुतेक म्हातारे, आणि त्यांना संगणक लागत नव्हता, त्यांच्या वतीनं कुणीतरी भरलं होतं. लग्नाची स्थळं पहिल्या दाराआड, आणि भावंडांसाठी ती बघणारी माणसं तिसऱ्या दाराबाहेर. ज्या अमेरिकावाल्यांनी ही जागा मागितली होती ते स्वतःच मागच्या दाराशी उभे होते, आणि अण्णांना रागाचे फोन करत होते.

मग मंडपातल्या फोनवर अण्णांच्या मुलीचा फोन आला.

"मामा, मला तिसरीत तुम्ही टाकलंत?"

"तुझ्या वडिलांनी टाकलं. मी फक्त उपरणं काढून घेतलं."

मला वाटलं रडते की काय, आणि खरं सांगतो, रडली असती तर मला वाईट वाटलं नसतं. त्या घरातल्या कुणाच्याही रडण्याचं मला वाईट वाटलं नसतं.

"अप्पा तुम्हाला बदलायला सांगतील," ती म्हणाली. वडिलांना ती तमिळ पोरींसारखं अप्पा म्हणायची. "बदलू नका."

"का?"

"तुमच्या घरच्या मामींना पानावरून उठवलं तेव्हा मी पलीकडच्या पानावर होते. कॉलेजात होते तेव्हा. भात गिळला मी तसाच." मग म्हणाली, "मी अप्पांना कळवलंय. सगळ्यांची एकच पंगत होईपर्यंत आम्ही समाराधनेला येणार नाही. नातवालाही आणणार नाही."

मी फोन ठेवला. तिच्यावरचा राग तिथे सुटला. वडिलांवरचा सुटला नाही.

संघाची बैठक झाली. अण्णांचं मन पालटलं असं कुणी समजू नये. पहिल्या पंगतीत जेवायला माणसंच उरली नव्हती, म्हणून पंगती मोडल्या. टीचरम्मांनी जागा पुन्हा बांधली, त्यांच्या पद्धतीनं. स्थळं बघायची त्याला एक दार, पत्ता शोधायचा त्याला एक, तारीख बघायची त्याला एक. कुणाचा कोण हा रकानाच काढून टाकला. गेलेल्यांची नावं सगळ्यांना दिसणार, आणि आधी राहून गेलेलीही सगळी घालायची असं ठरलं. ती सगळी नावं येत्या समाराधनेला अध्यक्षांनी वाचायची. ही शेवटची अट माझी होती. मला बैठकीत बसायला बोलावलं नव्हतं. मी चहा द्यायला गेलो आणि उभ्यानं सांगितलं. कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

समाराधनेला एकच पंगत बसली, दोन रांगांत, समोरासमोर. मुलगी, जावई, नातू आले होते. मी दारात उभा होतो, पण कुणी कुठे बसायचं ते सांगायचं काम उरलं नव्हतं. पानं वाढून झाली. भाताची वाफ वर चढत होती. सगळ्यांनी तळहातावर पाणी घेतलं.

अण्णा कागद घेऊन उभे राहिले आणि वाचू लागले. आपल्या लोकांची नावं खणखणीत, वकिलाचा आवाज. शेवटी तिचं नाव आलं. ते त्यांनी घाईत उरकलं, अर्धं ओठांतच, आणि कागदाची घडी घालायला लागले.

"ऐकू आलं नाही," मी दारातून म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हात तसेच, पाणी तसंच.

अण्णांनी घडी उघडली. पुन्हा वाचलं. या वेळी पुढच्या रांगेपर्यंत पोचलं असेल.

"मागे पोचलं नाही, अण्णा. चुलीपाशी बायका आहेत. त्यांनाही ऐकायचंय."

"झालं की आता," कुणीतरी पुटपुटलं. "भात निवतोय."

"निवू दे," मी म्हणालो.

अण्णांनी कागद खाली केला. मग त्यांनी मान वर केली, कागदाकडे न बघता, आणि माझ्या बायकोचं नाव सगळ्या मंडपाला, मागच्या चुलींपर्यंत ऐकू जाईल असं उच्चारलं. मागे भांड्यांचा आवाज थांबला.

"आता जेवा," मी म्हणालो.